वाचकांचे प्रश्न : पाणी, फुंकर आणि कोंबडीचं अंडं

प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ निसर्गाकडे आणि जीवनाकडे कसं पाहत होते, यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

‘सगळं पाण्यापासून झालं’ असं थेलीस म्हणाला. हे चूक आहे हे शाळकरी मुलालाही कळतं. मग तत्त्वज्ञानाची सुरुवात त्याच्यापासून का धरतात?

नुसतं हे वाक्य घेऊन बसलात तर उत्तर मिळणार नाही. त्याच्या पुढे काय झालं ते पाहावं लागतं. थेलीस मिलेटसचा. हे बंदर आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मिअँडर नदीच्या मुखाशी होतं, आणि काळ इ. स. पू. सहाव्या शतकाचा पूर्वार्ध. पाण्याची गोष्ट आपल्याला कळते ती ॲरिस्टॉटलकडून, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. थेलीसला असं का वाटलं हे सांगताना ॲरिस्टॉटल ‘कदाचित’ हा शब्द वापरतो. सगळ्या गोष्टींचं पोषण ओलाव्यावर होतं आणि सगळी बीजं ओलसर असतात, हे त्याने कदाचित पाहिलं असेल.

पुढच्या पिढीत त्याच गावातला ॲनॅक्सिमँडर वेगळं बोलू लागला. त्याच्या बाजूने पुढे जो युक्तिवाद मांडला गेला, तो असा. पाणी थंड आणि ओलं, आग गरम आणि कोरडी. यांच्यातलं एक जर अमर्याद असतं, तर त्याने बाकीच्यांना केव्हाच गिळून टाकलं असतं. पण आग तर अजून आहे. म्हणजे मूळ तत्त्व या जोड्यांपैकी कुठलंच नसावं. त्याने त्याला ‘अपेइरॉन’ म्हटलं, म्हणजे ज्याला सीमा नाही ते.

पृथ्वीबाबतही तसंच झालं. थेलीसच्या मते ती ओंडक्यासारखी पाण्यावर तरंगते. मग पाणी कशावर टेकलंय, हा प्रश्न उरतोच. ॲनॅक्सिमँडरने टेकूच काढून टाकला. त्याची पृथ्वी दगडी खांबाच्या एका गोल तुकड्यासारखी, उंची रुंदीच्या एक तृतीयांश. ती कशावरही टेकलेली नाही, कारण सगळ्या बाजूंपासून ती सारख्याच अंतरावर आहे आणि अमुक एका बाजूला जावं असं तिला काही कारणच नाही. आकार चुकला, मापही चुकलं. तरी ‘कारण नाही म्हणून हालचाल नाही’ हा विचार आमच्या मते त्या संपूर्ण शतकातला सर्वांत धाडसी आहे. सुरुवात थेलीसपासून धरतात ती यासाठी, की त्याच्या मताला कारण देऊन खोडता येत होतं, आणि त्याच्याच गावच्या माणसाने ते खोडलं.

ॲनॅक्सिमिनीसचा फुंकरीचा प्रयोग करून पाहिला. ओठ आवळून फुंकलं तर हवा गार लागते, तोंड उघडून सोडली तर गरम. म्हणजे त्याचं बरोबर होतं का?

निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष उलटा निघाला. ॲनॅक्सिमिनीस हा मिलेटसचा तिसरा तत्त्वज्ञ. त्याच्या मते मूळ तत्त्व हवा. ती विरळ झाली की आग होते. दाटत गेली की वारा, ढग, पाणी, माती आणि शेवटी दगड. फुंकर हा त्याचा पुरावा होता : ओठांनी दाबलेली हवा गार, मोकळी सोडलेली हवा गरम. म्हणून दाटणं म्हणजे गारवा आणि विरळ होणं म्हणजे ऊब.

तुम्ही हात ओठांपासून बहुधा वीतभर लांब धरला असेल. आता असं करून पाहा. हात पुसून कोरडा करा, कारण ओल्या कातडीला बाष्पीभवनामुळे कुठलाही वारा गारच लागतो. ओठ तसेच आवळा आणि बोट त्यांच्यापासून जेमतेम एक सेंटिमीटरवर धरून फुंका. हवा कोमट लागेल. मग फुंकर तशीच चालू ठेवून बोट हळूहळू 20 सेंटिमीटरपर्यंत लांब न्या. वाटेत ती गार होत गेलेली कळेल. ओठ दोन्ही वेळा सारखेच आवळलेले होते, म्हणजे फरक दाबण्यामुळे पडलेला नाही. बारीक आणि वेगवान फुंकर भोवतालची गार हवा आपल्यात ओढून घेते, आणि हातावर येते ती मुख्यतः हीच हवा. तोंड उघडून सोडलेला श्वास मंद असतो, भोवतालच्या हवेत कमी मिसळतो आणि अंगातली ऊब घेऊनच हातावर पोचतो. भोवतालची हवा अंगाहून गरम असेल तेव्हा हा प्रयोग करू नका. तेव्हा तो फसतो, आणि का फसतो हे वरच्या स्पष्टीकरणावरून लक्षात येईल.

हवा खरंच दाबली तर ती तापते. सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने बंद करून दांडा झपाट्याने खाली दाबा, नळी गरम लागेल.

ही चूक ग्रीकांनीच पकडली होती. प्लुटार्क हा प्रयोग सांगतो आणि लगेच ॲरिस्टॉटलचा आक्षेपही नोंदवतो : उघड्या तोंडातून येते ती आपल्या आतली गरम हवा, आवळलेल्या ओठांनी मात्र आपण समोरची गार हवा पुढे ढकलतो. आजच्या उत्तराच्या हे फार जवळ आहे.

एम्पेडोक्लीसचा पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्याचा प्रयोग बाटली घेऊन केला. पाणी थांबलंच नाही, सगळं गळून गेलं. काय चुकलं?

बहुतेक भोकं मोठी झाली. आधी मूळ भांडं समजून घेऊ. त्याला ग्रीकमध्ये क्लेप्सिड्रा म्हणत. वेळ मोजायचं घटिकापात्रही त्याच नावाचं, त्यामुळे अनुवादांत नेहमी घोळ होतो. इथे आहे ते द्रव एका भांड्यातून दुसऱ्यात न्यायचं साधन : पोट फुगीर, वर अरुंद नळी, बूड चाळणीसारखं भोकांचं. एम्पेडोक्लीस सिसिलीतल्या ॲक्रागासचा, इ. स. पू. पाचव्या शतकातला. त्याच्या कवितेत एक मुलगी पितळी क्लेप्सिड्राशी खेळते आहे.

अर्ध्या लिटरची जरा जाड प्लॅस्टिकची बाटली घ्या. बुडाला तापवलेल्या सुईने दहा-बारा भोकं पाडा, प्रत्येक भोक एक ते दीड मिलिमीटरचं. झाकणाच्या मधोमध तीन-चार मिलिमीटरचं एकच भोक पाडा आणि झाकण घट्ट बसवा. झाकणाचं भोक बोटाने बंद करून बाटली बादलीत सरळ खाली दाबा. पाणी जवळजवळ आत येणार नाही. बोट काढा. वरून हवा सुटेल आणि खालून पाणी चढेल. बाटली भरली की पुन्हा बोट ठेवून वर उचला. पाणी बाटलीतच राहील. बोट उचललं की चाळणीतून सरी पडतील.

गळतीची कारणं बहुधा याच चारांपैकी एक असतात. भोकं चार-पाच मिलिमीटरची झाली, तर पाण्याचा पृष्ठताण त्यांच्या तोंडाशी टिकत नाही. एका भोकातून हवा आत शिरते आणि दुसऱ्यातून पाणी बाहेर येतं. बाटली तिरकी धरली तर वरच्या बाजूच्या भोकांतून हवा घुसते. बाटली मऊ असली आणि पोटाला धरून दाबली, तर पाणी आपणच बाहेर काढत असतो. म्हणून ती नेहमी मानेला धरावी. चौथं कारण सहसा सुचत नाही : बाटलीत किंवा बादलीत साबणाचा अंश. साबण पृष्ठताण कमी करतो. सुरुवातीला दोन-चार थेंब पडले तर तो दोष समजू नका. पाण्यावर उरलेली हवा किंचित पसरते, तेवढं पाणी खाली येतं. वातावरणाचा दाब साधारण दहा मीटर उंचीचं पाणी तोलून धरतो, त्यामुळे वीतभर पाण्याने त्याला काहीच फरक पडत नाही.

एम्पेडोक्लीस या प्रसंगाचं वर्णन करतो ते असं : बाहेरची हवा आत शिरायला धडपडते आणि चाळणीच्या दारांशी द्रव अडवून धरते. पाणी खालून कोण तोलतं याचं उत्तर त्याला इतक्या आधी सापडलं होतं, हे वाचताना दर वेळी नवल वाटतं. पण त्याला हवेचा दाब सिद्ध करायचा नव्हता, श्वास समजावून सांगायचा होता. रक्त आत ओसरलं की सूक्ष्म छिद्रांतून हवा आत येते, रक्त पुन्हा उसळलं की ती बाहेर जाते. ही छिद्रं कातडीची की नाकाची, हा वाद आजही आहे, कारण मूळ ग्रीक शब्दरूप ‘कातडी’ आणि ‘नाकपुड्या’ या दोन्ही शब्दांचं होऊ शकतं. ॲरिस्टॉटलने नाक असा अर्थ घेतला.

‘पोकळी नसतेच हे यावरून सिद्ध होतं’ असंही तुम्ही पत्रात लिहिलंय. ते तेवढं मान्य करता येत नाही. ॲनॅक्सॅगोरसही असाच प्रयोग दाखवत असे. त्यावर ॲरिस्टॉटलने म्हटलं की यातून हवा ही एक वस्तू आहे एवढंच दिसतं; पोकळी असते की नसते, हा प्रश्न जिथल्या तिथे राहतो.

एकाच नदीत दोनदा पाऊल टाकता येत नाही, हे हेराक्लायटसचंच वाक्य आहे ना?

या रूपात ते प्लेटोच्या लिखाणातून आलं आहे. एफेससच्या हेराक्लायटसचं म्हणून जे अधिक विश्वासार्ह मानतात, त्याचा आशय असा : त्याच नद्यांत उतरणाऱ्यांवरून वेगवेगळं पाणी वाहत जातं. नद्या ‘त्याच’ आहेत, याकडे लक्ष द्या. पाणी बदलत राहतं म्हणूनच तर ती नदी. थांबलं तर ते डबकं. त्याचं दुसरं एक वाक्य याच अर्थाचं आहे आणि आम्हाला जास्त आवडतं. कायकेऑन नावाचं सातू घातलेलं पेय होतं, त्याबद्दल तो म्हणतो की ढवळलं नाही तर कायकेऑनसुद्धा फुटून वेगळं होतं. सातूचा भरडा तळाशी बसतो आणि मग ते पेयच राहत नाही.

ग्रीक ‘सायकी’ म्हणजे आपला आत्माच का? आणि ‘फायसिस’ म्हणजे निसर्ग?

दोन्ही शब्द वाचकाला हमखास चकवतात, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

‘फायसिस’ हा शब्द ‘उगवणं, वाढणं’ या क्रियापदापासून आला. आज निसर्ग म्हटलं की डोंगर, झाडं, पाऊस डोळ्यांपुढे येतात. ग्रीक शब्दात मुख्यतः एखाद्या वस्तूचं अंगभूत वळण आहे. विस्तवाचा स्वभाव जाळणं, असं आपण म्हणतो, तो ‘स्वभाव’ याच्या जास्त जवळ. मराठीत आणखी एक नेमका शब्द आहे : प्रकृती. ‘प्रकृती कशी आहे?’ असं विचारताना आपण त्या माणसाच्या शरीराच्या घडणीबद्दल विचारतो, आणि ‘सृष्टी’ या अर्थीही तोच शब्द चालतो. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या वैद्यकीय ग्रंथांत ‘फायसिस’ अगदी असाच दोन्हीकडे वापरलेला दिसतो.

‘सायकी’ मात्र कोण बोलतंय यावर ठरते. थेलीस म्हणे की लोहचुंबकात सायकी आहे, कारण तो लोखंड हलवतो. तिथे ‘आत्मा’ लिहिलं तर अर्थाचा अनर्थ होतो. हलवणारी शक्ती एवढंच त्याला म्हणायचं आहे. ॲरिस्टॉटलच्या लेखी सायकी म्हणजे सजीवाचं जगणं ज्या क्षमतांनी होतं त्या क्षमता. वनस्पतीत पोषण, वाढ आणि प्रजोत्पादन. प्राण्यांत त्यावर संवेदना. माणसात त्यावर विचार. त्याचा दाखला डोळ्याचा आहे. डोळा हा स्वतंत्र प्राणी असता, तर दृष्टी ही त्याची सायकी. दृष्टी गेलेला डोळा पुतळ्याच्या दगडी डोळ्यासारखा नावापुरताच डोळा. अशी सायकी शरीर सोडून दुसरीकडे कशी जाणार? बुद्धीबद्दल तेवढा त्याने एक दरवाजा किलकिला ठेवला आहे. इथे ‘जीव’ हा शब्द बरा.

पायथागोरसचे अनुयायी, एम्पेडोक्लीस आणि प्लेटो हे मात्र एका देहातून दुसऱ्या देहात जाणाऱ्या सायकीबद्दल बोलतात. तिथे ‘आत्मा’ वापरायला हरकत नाही. एकाच मराठी शब्दाने सगळ्यांना बांधू पाहणाऱ्या अनुवादापासून जपून राहा.

उत्क्रांतीचा शोध ग्रीकांनी लावला होता, असं वाचलं. खरं का?

नाही. पण ज्यावरून हा समज पसरला ते जाणून घेण्यासारखं आहे.

ॲनॅक्सिमँडरने एक अडचण हेरली. माणसाचं मूल फार दिवस परावलंबी असतं. पहिली माणसं आजच्यासारखी तान्ही जन्मली असती तर जगलीच नसती. म्हणून ती माशांसारख्या जीवांच्या पोटात वाढून, स्वतःचं पोट भरण्याएवढी झाल्यावर बाहेर आली असावीत, असं त्याने सुचवलं. इथे पिढ्यान्‌पिढ्या होणारा बदल नाही. माणूस माणूसच आहे, फक्त सुरक्षित जागी वाढलेला.

एम्पेडोक्लीसच्या कवितेत आधी सुटे अवयव हिंडतात : मानेवाचून डोकी, खांद्यांवाचून हात. ते जमतील तसे जुळतात. माणसाच्या तोंडाची बैलं निर्माण होतात आणि नष्ट होतात. ज्यांची जुळणी जमली ते टिकतात. निवड इथे आहे, पण जातीतून हळूहळू जात घडणं आणि आनुवंशिकतेने थोडे थोडे फरक साठत जाणं नाही. ॲरिस्टॉटलने हे मत नोंदवून खोडलं. पुढचे दात धारदार आणि दाढा सपाट येतात त्या बहुतेक प्रत्येक वेळी; जे नेहमी तसंच घडतं ते योगायोगाने घडत नसतं, असं त्याचं म्हणणं. डार्विनने आपल्या मुख्य ग्रंथाच्या नंतरच्या आवृत्तीत हाच उतारा तळटीपेत घेतला, मात्र खोडण्यासाठी मांडलेलं मत ॲरिस्टॉटलचंच समजून. मूळ उतारा पुरा वाचला नाही की असं होतं.

बायकांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असं लिहिणाऱ्या ॲरिस्टॉटलला जीवशास्त्रात मान का?

कारण दाताच्या वाक्याशेजारीच त्याची अशी पानं आहेत, जी टेबलावर अंडं फोडून ताडून पाहता येतात.

अंड्याची पद्धत त्याच्या आधीचीच असावी. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात ती दिली आहे : वीस किंवा अधिक अंडी दोन किंवा अधिक खुडूक कोंबड्यांखाली ठेवावी आणि दुसऱ्या दिवसापासून पिल्लं बाहेर येईपर्यंत रोज एक अंडं फोडून पाहावं. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत उबतं, म्हणून वीस हा आकडा. ॲरिस्टॉटलने टप्पे लिहिले. तीन दिवस आणि तीन रात्री झाल्यावर पहिली खूण दिसते. रक्ताच्या ठिपक्याएवढं हृदय, आणि ते जिवंत असल्यासारखं उडत असतं. दहाव्या दिवशी सगळे अवयव ओळखू येतात. डोळे काढून पाहिले तर काळे आणि पावट्याच्या दाण्याहून मोठे. विसाव्या दिवशी अंडं उघडलं तर आतलं पिल्लू हलतं आणि चिवचिवतं. अन्न त्याला नाळेवाटे पिवळ्या बलकातून मिळतं, हेही त्याने बरोबर सांगितलं. पिल्लू पांढऱ्यापासून बनतं हे मात्र चुकलं. ते बलकावरच्या बारीकशा पांढुरक्या चकतीपासून बनतं, आणि तेवढा फरक नुसत्या डोळ्यांना कळण्यासारखा नव्हता.

मुशीच्या एका जातीचं उदाहरण तर याहून मोलाचं. या माशाची पिल्लं आईच्या पोटात नाळेने जोडलेली असतात, जवळजवळ सस्तन प्राण्यांच्या वारेसारखी, असं त्याने लिहून ठेवलं होतं. 1842 मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने ते तपशिलात तपासून खरं असल्याचं दाखवलं.

तो चुकला कुठे ते पाहिलं की त्याची रीत जास्त कळते. सापासारखा लांबट ईल मासा चिखलातून आपोआप उपजतो, असं त्याने म्हटलं. कारण चिरलेल्या एकाही ईलमध्ये त्याला अंडी किंवा नराचं वीर्य सापडलं नाही. हे न सापडणं खरं होतं : युरोपातल्या ईलची जननेंद्रियं नदी सोडून समुद्राच्या लांब प्रवासाला निघाल्यावरच पक्व होतात. दिसलं नाही म्हणजे नाहीच, ही त्याची उडी चुकली. दातांबद्दल तो माणूस, मेंढी, बकरी आणि डुक्कर यांची नावं घेतो आणि पुढे लिहितो की बाकी प्राण्यांत अजून पाहिलेलं नाही. मोजणी अपुरी किंवा ऐकीव असणार. त्याला क्षमा नाही, कारण तोंड उघडून मोजणं अंडं फोडण्याहून सोपं होतं. मधमाश्यांच्या प्रजननाबद्दल मात्र त्याने स्वतःच बजावलं आहे की तथ्यं अजून पुरेशी हाती आलेली नाहीत. ती आली की विश्वास निरीक्षणावर ठेवावा, आणि सिद्धांतावर तो निरीक्षणाशी जुळेल तेव्हाच.

‘निसर्गानुसार जगा’ म्हणजे शहर सोडून रानात राहा, असा स्टोइकांचा उपदेश होता का?

नव्हता. वर सांगितलेला ‘फायसिस’चा अर्थ इथे लावा. माणसाचं अंगभूत वळण विवेकाचं, म्हणून विवेकाने जगणं हेच निसर्गानुसार जगणं. सिटियमचा झेनो इ. स. पू. 300 च्या सुमारास हे अथेन्सच्या भर बाजाराशेजारच्या चित्रांच्या ओसरीत शिकवत असे. त्या ओसरीच्या ‘स्टोआ’ या नावावरूनच पंथाला नाव पडलं. साध्या राहणीबद्दल तुम्हाला जे अभिप्रेत आहे, त्याच्या जवळ एपिक्युरस येतो. त्याने इच्छांचे तीन भाग केले : नैसर्गिक आणि आवश्यक, जसं भुकेला अन्न, नैसर्गिक पण अनावश्यक, जसं पंचपक्वान्न, आणि दोन्ही नसलेल्या, जसं मानाचा मुकुट आणि स्वतःचा पुतळा. पहिल्या भागवायला सोप्या, तिसऱ्यांना शेवटच नाही.

पुस्तकांत ‘12 बी 1’, ‘31 बी 100’ असे आकडे येतात. ते कसे वाचायचे?

सॉक्रेटिसपूर्व तत्त्वज्ञांचा एकही ग्रंथ अखंड उरलेला नाही. नंतरच्या लेखकांनी दिलेले तुकडे हेरमान डील्सने गोळा केले आणि 1903 मध्ये छापले; पुढे वाल्टर क्रांत्सने ते सुधारले. पहिला आकडा तत्त्वज्ञाचा : 11 थेलीस, 12 ॲनॅक्सिमँडर, 22 हेराक्लायटस, 31 एम्पेडोक्लीस, 68 डेमॉक्रिटस. ‘ए’ म्हणजे दुसऱ्यांनी त्याच्याबद्दल दिलेली माहिती, ‘बी’ म्हणजे त्याचे स्वतःचे मानलेले शब्द. शेवटी तुकड्याचा क्रमांक. 31 बी 100 हा वरचाच क्लेप्सिड्रा.

वाचताना आधी ए की बी ते पाहा, मग ते सांगणारा कोण आणि किती वर्षांनंतरचा. 12 बी 1 घ्या. वस्तू जिथून उपजतात तिथेच लयाला जातात आणि आपल्या अन्यायाबद्दल काळाच्या क्रमाने एकमेकांना दंड आणि भरपाई देतात, असं ते वाक्य. ते आपल्यापर्यंत आणलं सिम्प्लिशियसने, इ. स. च्या सहाव्या शतकात, म्हणजे ॲनॅक्सिमँडरनंतर सुमारे 1100 वर्षांनी, आणि तेही ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रॅस्टस याच्या ग्रंथाच्या आधाराने. उद्धरण नेमकं कुठल्या शब्दापासून सुरू होतं, यावर एकमत नाही. पण वाक्य देऊन झाल्यावर ‘हे तो काहीशा काव्यमय शब्दांत सांगतो’ असा शेरा मारलेला आहे. त्यामुळे निदान ‘दंड’, ‘भरपाई’ आणि ‘अन्याय’ हे शब्द त्याचेच, असं मानतात.